खिटीपुरतं मशीन

आमच्या न्हाणीघराची खिटी मोडून अकरा वर्षं झाली. अख्खी खिटी नव्हे. तिची सरकणारी पितळी पट्टी तेवढी मोडली, बोटभर लांबीची. बाकी खिटी दारावर शाबूत आहे आणि चौकटीवर पट्टी जिथे शिरते ते घरही शाबूत आहे. दुकानदार म्हणाला, पट्टी सुटी मिळत नाही, नवीन खिटीच घ्या. आता ज्या वस्तूचे पाचातले चार भाग धडधाकट आहेत ती वस्तू टाकून देणं मला जमणारं नाही. मी तीस वर्षं एका कारखान्यात भांडारपाल होतो. माझ्या हाताखालून एक वॉशर नोंदीशिवाय गेला नाही, तिथे चार पंचमांश खिटी कशी जाऊ देईन?

घरात त्यावर एक पद्धत बसली होती. आत असेल त्याने सतत आवाज करायचा. ही बादलीवर मग वाजवते, मुलगी गाते, मी आकडे मोजतो. मी दोनशेच्या पुढे गेलो की बाहेरून कोणीतरी म्हणतं, "झाली नाही का अजून वसुली?" पद्धत उत्तम चालली होती. गेल्या खेपेला साडू राहायला आला आणि तिला गालबोट लागलं.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो दुसऱ्या एका कारखान्यात तपासनीस होता. मी तीस वर्षं माल मोजला, त्याने तीस वर्षं माल नापास केला. निवृत्त झाला तरी सवय जात नाही. आमच्याकडे खुर्चीवर बसण्याआधी तो ती हलवून बघतो. त्याला पद्धत समजावून सांगितली तर म्हणाला, "मी आंघोळ करताना बोलत नाही." नाही बोलला. परिणामी मी दार उघडलं. साबण डोक्यापासून छातीपर्यंत पोचला होता, त्याखाली नापास करण्यासारखं बरंच होतं. त्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "भांडारपाल, तुमच्या घरात माल उघड्यावर ठेवतात." हे वाक्य त्याने नंतर सगळ्या नातेवाइकांत फिरवलं.

त्या दिवशी मी ठरवलं, ही पट्टी आपण स्वतः बनवायची. तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजल्या, एक तरी वस्तू आपल्या हातची असावी. आता एका पट्टीसाठी माणूस कानस आणतो. मी सीएनसी मिलिंग मशीन आणलं. हे मशीन म्हणजे काय, तर संगणकाने सांगायचं, कटरने धातू कापायचा आणि आपण बाजूला उभं राहून जबाबदारी घ्यायची. माझ्या स्वभावाला इतकं जुळणारं यंत्र दुसरं सापडलं नसतं.

हिला सांगितलं तेव्हा ही भाजी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "केवढं आहे?"

"टेबलाएवढं."

"कोणाच्या टेबलाएवढं?"

मी कागद पुढे केला. दोनशे ऐंशी किलो वाचून तिने सुरी खाली ठेवली. "अहो, खिटीच्या पट्टीचं वजन किती?"

"तीस ग्रॅम."

तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग अट घातली. "पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला ताई आणि भावोजी आठ दिवसांसाठी येतायत. तोवर न्हाणीघराला खिटी लागली, तर मागची खोली तुमची, कायमची. नाही लागली, तर मशीन बाहेर आणि पाहुण्यांची खाट आत. मंजूर?"

मंजूर. मी नोंदवहीत लिहूनही ठेवलं आणि खाली तिची सही घेतली. तिने सही करताना विचारलं, "दार मोजलंत का?"

"नकाशात आहे. नव्वद सेंटिमीटर."

"नकाशा आत न्यायचाय की मशीन?"

असल्या बायकी शंकांना मी उत्तर देत नाही. इमारतीचा मूळ नकाशा माझ्याकडे शिक्क्यासकट आहे, तोही घडी न पडलेला. मशीनची रुंदी शहाऐंशी. बाजूला चार सेंटिमीटर उरतात, दोन्हीकडे दोन-दोन. एवढ्या फटीत तर माझा स्वाभिमानही मावला असता.

मशीन आलं. चार हमाल आणि त्यांचा मुकादम. दुसऱ्या मजल्यापर्यंत ते ज्या शिव्या देत आले त्यांतल्या काही मला नव्या होत्या. आमच्या दारात येऊन मशीन थांबलं. मुकादमाने दार बघितलं, मशीन बघितलं, मग मला बघितलं. खिशातून टेप काढून दार मोजलं.

"चौऱ्याऐंशी."

"नकाशात नव्वद आहे," मी म्हणालो.

"मग नकाशातल्या घरी नेऊ का?" मुकादम म्हणाला आणि चौघांना घेऊन निघून गेला.

समोरच्या दारातले गृहस्थ बाहेर आले. यांना सगळी इमारत 'तरीच' म्हणते, कारण काही बिघडलं की ते तेवढाच एक शब्द बोलतात. बिघडण्याआधी ते कधी काही सांगत नाहीत, पण बिघडल्यावर त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं असं दिसतं. मशीनला एक फेरी घालून ते म्हणाले, "तरीच."

दोन दिवस मशीन आमच्या दारासमोरच, जिन्याच्या वळणावर होतं. पहिल्या दिवशी लोक अंग चोरून गेले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यावर छत्री वाळत घातली, कोणी दुधाची पिशवी ठेवली, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी दम खायला त्यावर बसू लागल्या. सेक्रेटरींनी सूचना लावली : 'जिन्यात कोणीही उद्योग करू नये.' ती लावायला जागा मिळेना म्हणून मशीनवरच चिकटवली. सल्ल्यांची आवक तर इतकी झाली, की मी वहीत स्वतंत्र पान घातलं. एकूण एकोणीस सल्ले आले. पैकी सात मशीन उभं करून न्या असे, पाच आडवं करून न्या असे, एक नेऊच नका असा. तो हिचा. उरलेले सहा मशीनबद्दल नव्हतेच, माझ्याबद्दल होते.

शेवटी गवंडी आणि सुतार बोलावून चौकट काढली. मशीन आत गेलं, मागच्या खोलीत भिंतीशी बसलं. चौकट परत बसवताना गवंड्याने भिंतीचा थोडा भाग पाडला, तो बुजवला, मग घरातल्या सगळ्या चौकटींना रंग, न्हाणीघराच्यासुद्धा. खर्चाचं मी बोलत नाही, हीही बोलत नाही, पण ती ज्या पद्धतीने बोलत नाही ती ऐकू येते.

लगेच खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक वर आले. हातात मोजपट्टी आणि पेन्सिल. त्यांनी आपल्या छताला खूण करून ठेवली होती आणि रोज सकाळी स्टुलावर चढून छत खाली आलंय का ते मोजणार होते.

"मशीन चालू असताना तुम्ही त्याच्याजवळ उभे राहत जाऊ नका," ते म्हणाले.

त्यांची काळजी बघून मला बरं वाटलं. "का? धोका असतो का?"

"तुमचं वजन त्यात मिळवायला नको."

पुढचा मुक्काम वीज कार्यालय. मशीनला घरातली साधी वीज पुरत नव्हती. खिडकी क्रमांक चारवर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्ज उलटा ठेवून वाचला, म्हणजे तो त्यांच्याकडून उलटा होता, आणि सुलटा करायची त्यांना गरज वाटली नाही.

"घरगुती की औद्योगिक?"

"छंद."

"छंदाचा रकाना नाही."

"पण मी विकणार काहीच नाही."

"छंदाला एवढी वीज लागत नाही. लागली की तो उद्योग. दर महिन्याला उत्पादनाचं पत्रक द्यावं लागेल. या महिन्याचं उत्पादन काय?"

"अजून काही नाही. वीजच नाही."

"मग 'निरंक' लिहा. वीज मिळायला पत्रक लागतं."

मी तीस वर्षं हजारो कागदांवर 'निरंक' लिहिलं, पण ते मालाबद्दल. स्वतःच्या नावापुढे तो शब्द लिहिताना हात जड झाला. नाव अमुक, वय एकसष्ट, उत्पादन निरंक. बाईंनी त्यावर शिक्का मारला. आता अधिकृतच झालं.

वीज आली तेव्हा हातात अकरा दिवस होते. मी पट्टीचं चित्र संगणकात काढलं. माझ्याकडे खिटीबरोबर आलेलं मूळ माहितीपत्रक आहे, पावतीसकट, फाइलमध्ये. त्यात पट्टीची लांबी, रुंदी, जाडी, सगळं छापलेलं. ही दारात उभी होती.

"खिटी मोजलीत का?"

"पत्रकात आहे."

तिने मान डोलावली. पण चौकटीकडे, म्हणजे नव्याने रंग दिलेल्या चौकटीकडे, तिने जरा जास्तच वेळ बघितलं.

पितळेचा ठोकळा शिकंज्यात आवळला आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं. काय तो आवाज, काय ती कटरची चाल. पुढे, वळून, मागे, एक केसभर खाली, परत पुढे. चाळीस मिनिटं मी श्वास रोखून उभा होतो. एक कीस पडला नाही, इतकं सफाईदार काम. मशीन थांबलं तेव्हा लक्षात आलं, की ठोकळा जसाच्या तसा आहे. या मशीनला 'शून्य' आपण दाखवायचं असतं, इथून मोजायला लाग म्हणून. मी ते तीन बोटं वर दाखवलं होतं. त्यामुळे मशीनने पट्टी बनवली, अगदी बिनचूक बनवली, पण हवेत.

मुलीने विचारलं, "बाबा, झाली का?"

"झाली. पण सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी शून्य खाली घेतलं. जरा जास्त खाली. मशीनने ठोकळा कापला, ठोकळ्याखालचा शिकंजा कापला आणि स्वतःच्या टेबलाला हात घातला तेव्हा मी तांबडं बटण दाबलं. आवाजाने प्राध्यापक धावत आले, पायात एकच चप्पल. तरीच आले. ते टेबलावरच्या चरीकडे बघून तोंड उघडणार एवढ्यात ही म्हणाली, "आज राहू दे हो." ते शब्द तोंडातच धरून परत गेले. त्यांना त्या रात्री झोप लागली नसेल.

नवा शिकंजा यायला चार दिवस. त्या चार दिवसांत मी शून्य कुठे आहे याचा एवढा विचार केला, की हिने विचारलं, "जेवायला येताय का, की तिथेच आहात?"

एकोणीस तारखेला संध्याकाळी पट्टी तयार झाली. पितळेची, चकचकीत, कोपरे असे की बोट फिरवलं तर रेघ उठावी. मी ती पत्रकाशी ताडून पाहिली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. तंतोतंत. खिटीत बसवली, दार उघडं ठेवून चार वेळा पुढे-मागे केली. लोण्यासारखी. एकसष्टाव्या वर्षी मी जगात एका वस्तूची भर घातली होती. मी दिवा लावून ती परत एकदा बघून आलो. नंतर आणखी एकदा.

वीस तारखेला साडू आणि ताई आले. साडूने चहाचा कप बुडाकडून तपासला आणि टॉवेल खांद्यावर टाकला. "ऐकलंय, खिटी बनवलीत म्हणे. बघू तरी." तो आत गेला. आतून पट्टी सरकल्याचा आवाज आला, मग ती जिथे अडली तिथे साडूने खांदा लावल्याचा आवाज आला, मग एक घट्ट, भरीव 'टक्'. मी हिच्याकडे बघितलं. मिशी असती तर पीळ दिला असता.

वीस मिनिटांनी आतून हाक आली. "भांडारपाल."

"काय?"

"ही उघडत नाही."

"लावताना पुढे ढकललीत, आता मागे ओढा."

"ओढतोय. अंगाला परत घाम आलाय. आंघोळ वाया गेली."

मग मी ओढायला सांगितलं, ढकलायला सांगितलं, साबण लावायला सांगितलं. ही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, अगदी शांत.

"अहो, पट्टी पत्रकात होती. घर मोजलं होतंत का? चौकटीवरचं?"

चौकटीवरच्या घरात अकरा वर्षांचा गंज होता आणि रंगाचे तीन हात. शेवटचा हात गवंड्याचा, आमच्या मशीनपायीच दिलेला. त्यात माझी तंतोतंत पट्टी साडूच्या खांद्याने जाऊन बसली होती. कागदाशी जुळली होती, दाराशी नव्हती.

"नव्हतं," मी म्हणालो. हा शब्द मी लग्नानंतर फार वेळा उच्चारलेला नाही.

बातमी जिन्याने खाली गेली, वर गेली. तरीच आले आणि या वेळी त्यांना कोणीही अडवलं नाही. "तरीच," ते म्हणाले, इतक्या दिवसांचं साठलेलं. सेक्रेटरी दार तोडा म्हणाले. प्राध्यापक धापा टाकत आले, "सहा जण एका फरशीवर काय उभे आहात, पांगा, पांगा." ताई दाराला कान लावून म्हणाली, "अहो, कपडे तरी घातलेत का?"

"टॉवेल आहे," आतून आवाज आला. मग साडूचा सूर बदलला. तपासनिसाचा झाला. "भांडारपाल, पट्टीच्या मधोमध एक लाथ घातली तर तुटेल. मी बाहेर येतो. आणि आमच्या हिने मला अट सांगितली आहे. मी बाहेर आलो की तुमचं मशीनही बाहेर येतं. खरं ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दारापलीकडे एका टॉवेलमधला माणूस, आणि त्याच्या उजव्या पायात माझी खोली, माझं मशीन, माझं एकुलतं एक उत्पादन.

"लाथ घालू नका," मी म्हणालो.

"का घालू नये? कारण द्या. नापास माल आहे."

मी दाराशी खाली बसलो, म्हणजे माझं तोंड फटीजवळ आलं. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं बोललो, पण न्हाणीघर घुमतं, सगळ्यांना गेलं असणार. "मी आजवर काही बनवलेलं नाही हो. ही पहिलीच वस्तू आहे."

आत चौकटीवर नख घासल्याचा आवाज आला.

"तिथे रंग धरलाय," साडू म्हणाला. "घराच्या कडेला. कानस आहे का बारीक?"

मी मागच्या खोलीतून सर्वांत पातळ कानस आणली, कागदावर ठेवून दाराखालून सरकवली. सवयीने वहीत नोंदही केली : कानस, नग एक, दिली. "सही नंतर घेईन."

"चष्मा पण लागेल."

चष्माही सरकवला.

"मी कानस कधी हातात धरलेली नाही," तो म्हणाला. "कानसवाल्यांना धरलंय."

आतून खर्र, खर्र सुरू झालं. सुरुवातीला तो दर दोन मिनिटांनी काहीतरी नापास करत होता : कानस, दार, चौकट, आमचं घराणं. मग बोलणं कमी झालं. आवाज लयीत आला. सेक्रेटरी कंटाळून गेले, प्राध्यापक छत बघायला गेले, तरीच काही बिघडत नाही असं पाहून गेले. अर्ध्या तासाने मी विचारलं, "काय झालं?" खर्र, खर्र, मध्येच फुंकर, परत खर्र.

"अहो, काय चाललंय?" ताईने विचारलं. उत्तर नाही.

मला भीती वाटली. मी दार नुसतं ढकललं आणि ते उघडलं. पट्टी केव्हाच सुटली होती. साडू बादली पालथी घालून त्यावर बसला होता, टॉवेलमध्ये, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खिटीतून पट्टी काढून त्याने मांडीवर घेतली होती आणि तिच्या एकेका कडेची धार मारत होता. एका कडेवर कानस, दुसरीवर अंगठा, मग उजेडाकडे धरून बघणं. जीभ थोडी बाहेर आली होती.

त्याने वर बघितलं. "दार लावा. काम चालू आहे."

मी लावलं. दुसऱ्यांदा त्या माणसाला मी त्या खोलीत बघितलं होतं, पण या वेळी माफी मागावीशी वाटली ती वेगळ्या कारणाने.

तो बाहेर आला तेव्हा पट्टी खिटीत होती. हिने स्वतः आत जाऊन लावली, उघडली, लावली, उघडली. बाहेर येऊन म्हणाली, "लागली." आणि मग, अर्ध्या मिनिटाने, जणू जिभेवरून काढायला जड जावं असं, "खोली तुमची."

"पास," साडू म्हणाला. ताई चमकून त्याच्याकडे बघायला लागली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तिने हा शब्द ऐकला नव्हता.

खोली माझी झाली खरी. पण साडू आठ दिवसांसाठी आला होता, त्याला आता सतरावा दिवस आहे. त्याने खाट मशीनशेजारी ओढून घेतली आहे, झोपेतही शून्य तपासता यावं म्हणून. मी कापतो, तो कानस लावतो. न्हाणीघराला खिटी आहे, तरी ही मग वाजवते, मुलगी गाते, मी मोजतो. साडू आतून आता मापं सांगतो.

काल महिन्याचं पत्रक भरायला दोघे गेलो. खिडकी क्रमांक चार. उत्पादनाच्या रकान्यात मी लिहिलं : 'खिटीची पट्टी, नग एक.' सही केली आणि कागद सरकवणार, तोच साडूने माझ्या हातातून पेन घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं : 'अंतिम काम बाहेरून करून घेतले.' वाचलं, नापास केलं, 'बाहेरून' खोडून 'आतून' केलं.

बाईंनी कागद उलटाच वाचला आणि शिक्का मारला.